गॅस आणि धवला

ठाण्यात गॅस देऊन दात काढणारे डॉक्टर नवीनच आले होते, तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात माझ्या आधीचा नंबर आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या एका बाईंचा होता. गाल सुजलेला, पदर मुठीत घट्ट धरलेला, आणि दुसऱ्याच दिवशी गावात लग्न.

"मागच्या खेपेला खुर्चीतून पलाले," त्यांनीच मला सांगितलं.

त्या आत गेल्या. डॉक्टर म्हणाले, "गॅस लावतो, आकडे मोजा."

"मोजाया मना येत नाय, दादा. धवला गातंय."

खणखणीत आवाज लागला, मंदावला आणि मध्येच थांबला. बाहेर आम्ही सगळ्यांनी दाराकडे कान लावले. थोड्या वेळाने तीच ओळ पुढे सुरू झाली, जरा बोबडी.

"अहो, थांबा! दाढ निघाली!"

"निंगाली? मना कललाच नाय!"

वरमाईच्या थाटात बाहेर येऊन त्यांनी प्रत्येकाला दाढ दाखवली.

मी पळायच्या बेतात पिशवी उचलली होती. ती त्यांनी काढून घेतली.

"मला धवला येत नाही हो," मी म्हटलं.

"तू जा, बाय. मी गातंय."

मला जाग आली तेव्हा माझी दाढ बशीत होती आणि दाराबाहेर, तोंडातल्या कापसासकट, धवला चालूच होता.