काचेतला कडुनिंब

धुळ्यात घर बांधलं तेव्हा पश्चिमेच्या खिडकीवरून मी पंधरा दिवस भांडले. नवऱ्याचं म्हणणं, साधी काच लावू आणि वर जाड पडदा सोडू. मला बाहेरून आरशासारखी दिसणारी काच हवी होती. ती ऊन परतवते, आतून बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरून आतलं काही दिसत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. वैशाखात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या खोलीत बसून दाखवा, मग मला शहाणपण शिकवा, असं मी सुनावलं. माझ्या तोंडी कोण लागणार? काच लागली.

सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, तेवढ्या बोलल्या. दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या माहेरी भिंतीवरच्या आरशाला दिवसा फडकं बांधत, कारण चिमण्या त्यात दुसरी चिमणी बघून चोची मारमारून रक्तबंबाळ होत. मी हसले. शाळेत मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवणारी बाई मी; मला आरसा कोण समजावणार?

अक्का रोज सकाळी खिडकीसमोरच्या कट्ट्यावर मातीच्या पसरट भांड्यात पाखरांसाठी पाणी ठेवत. सासरे गेल्यापासूनचा तो नेम होता. काच लागल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, मी शाळेला निघताना खिडकीवर ठप्प आवाज झाला. बाहेर बुलबुल पडला होता, मान वाकडी झालेला. वर काचेत अंगणातला अख्खा कडुनिंब उभा होता, फांद्या हलत होत्या, मागे आभाळसुद्धा होतं. मला लगेच कळलं. मी बुलबुल वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घंटागाडीत टाकला. पुढचेही तसेच टाकले. अक्कांची नजर अधू, त्यांना फक्त आवाज यायचा. कोण आलं, म्हणून विचारायच्या. मी म्हणायचे, वारा आहे.

चैत्रातल्या एका सकाळी भांडं भरताना त्यांच्या हाताला साळुंकी लागली. अजून गरम होती. तिला तळहातावर घेऊन त्या स्वयंपाकघरात आल्या. मी पोळ्या करत होते.

"मना हातनं पानी पीसन मरी गयं ते," म्हणाल्या.

वाक्य माझ्या ओठांवर होतं. अक्का, तुमचं पाणी नाही, माझी काच. एवढंच म्हणायचं होतं. मी तव्यावरची पोळी उलटली. त्यांनी बाहेर जाऊन भांडं पालथं घातलं, त्याचा आवाज मी ऐकला. आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. आता पाणी नाही म्हणजे पाखरं येणार नाहीत, काच तशीच राहील आणि माझा शब्दही. असा हिशेबी विचार मी केला, याची मला आजही लाज वाटते.

पाखरं आलीच. आठवड्याभरात एक तांबट आपटला. कट्ट्यावर तेव्हा पाण्याचा थेंब नव्हता. तोही मी वर्तमानपत्रात गुंडाळला.

मग गल्लीत बिबड्यांचे दिवस आले. ज्वारीचं शिजवलेलं पीठ कापडावर पापडासारखं पातळ थापायला अक्कांसारखा हात आमच्याकडे कुणाचा नाही. शेजारणी सगळ्यात आधी त्यांना बोलवायला येतात. यंदा त्या उठल्या नाहीत. आपल्या हाताला यश राहिलं नाही, म्हणाल्या. कैरीच्या लोणच्याला हात लावेनात, तुळशीला पाणी घालेनात. शेजारणी म्हणाल्या, वय झालं. मीही मान डोलावली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद एरंडोलहून आली, चार महिन्यांच्या नातीला घेऊन. पणती पहिल्यांदाच घरी आलेली. नणंदेने कौतुकाने तिला अक्कांपुढे धरलं, तर अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. नणंदेचा चेहरा पार उतरला. स्वयंपाकघरात येऊन तिने हळूच विचारलं, आई माझ्यावर रागावली का? पोर मुलगी आहे म्हणून तर नाही ना? त्या म्हाताऱ्या बाईवर हाही आळ येणार होता आणि तो माझ्यामुळे येणार होता.

दुपारी नणंद बाळाजवळ लवंडल्यावर मी अक्कांना हाताला धरून बाहेर नेलं. फरशी तापली होती. खिडकीसमोर उभं केलं आणि हात लावून बघा म्हटलं. त्यांनी काचेतल्या फांदीकडे हात नेला. बोटं काचेला टेकली. त्यांनी पुन्हा एकदा चाचपून बघितलं. मग मी सगळं सांगितलं: बुलबुल, घंटागाडी, तांबट, वारा.

"मंग मना हातमा काही नही व्हतं?"

नव्हतं, मी म्हणाले.

"इतला दिन काबरं नही सांगं माले?"

काच काढायला लागली असती म्हणून, असं मी सांगितलं. खरं तर मान खाली घालायला लागली असती म्हणून. अक्कांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि सुती दोऱ्याची गुंडी घेऊन आल्या. काचेवर तीन बोटं टेकवून दाखवली, दोन दोऱ्यांमध्ये एवढीच जागा, म्हणजे पाखरू घुसायला बघणार नाही. मी स्टुलावर चढले. काचेच्या बाहेरून, चौकटीच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत एकेक दोरा ताणून बांधत गेले. त्या खालून बोटांनी अंतर मोजत होत्या.

शेवटचे दोरे राहिले असताना नणंद बाळाला घेऊन बाहेर आली आणि हसायलाच लागली. खिडकीला बाज विणायला घेतली की काय, म्हणाली. एवढी महागाची काच, तिच्यावर हे कुणाचं डोकं? वाक्य पुन्हा माझ्या ओठांवर आलं. मी गाठ मारायला जरा जास्तच वेळ लावला.

"मनी हौस शे," अक्का म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढे करून पणतीला घेतलं.

नणंदेला आजही ती अक्कांची हौसच वाटते. मी तिला कधी खरं सांगितलं नाही.