पांढऱ्या ट्युलिपची मुंडकी

आयव्ही कॉथॉर्नचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, स्वतःच्या अंगठ्यावर आणि मुलीवर. बाकी सगळं जग चोर. पोस्टमन चोर, पाद्री चोर, कबुतरं तर जन्मजातच. नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या आपल्या जमिनीच्या तुकड्याच्या फाटकाला ती रोज जाताना लोकरीचा धागा बांधायची आणि सकाळी आल्यावर आधी तो तपासायची. मी समोरच्याच तुकड्यावर बटाटे लावते, पण मी दिलेला चहासुद्धा ती हुंगून प्यायची. तिचा नवरा तिच्याच जिवलग मैत्रिणीबरोबर पळून गेला होता. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, हे मला कळत होतं. तरी राग यायचाच.

आमच्या या काळ्या, सपाट मुलखात माणसांच्या दोनच जाती, फूलवाले आणि कंदवाले. फूलवाले ट्युलिप घट्ट कळीत असतानाच कापून विकतात. कंदवाले फूल उमललं की त्याचं मुंडकं मोडून टाकतात, म्हणजे सगळी ताकद खाली कंदात उतरते. आयव्हीचा जन्म फुलांच्या जुड्या बांधण्यात गेला. आणि तिच्या शेजारचा म्हातारा सिरिल डॉब्स पक्का कंदवाला.

"फूल कापतेस म्हणजे कंदाच्या तोंडचा घास काढतेस तू," तो म्हणायचा.

"आणि तू उमललेल्या फुलांचे गळे दाबतोस, त्याचं काय?"

यंदा मात्र गोष्ट भांडणापुरती नव्हती. आयव्हीची मॅरियन, चाळिशी उलटलेली, मे महिन्यात डेरेकशी लग्न करणार होती. डेरेकचं गावात मटणाचं दुकान, माणूस सरळ. आम्हा सगळ्या तुकडेवाल्यांच्या चहाच्या खोपटात आयव्हीने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "विकतचं एक फूल चर्चच्या दारातून आत येणार नाही. माझी पांढरी ट्युलिप नसतील तर लग्नच नाही!" मायलेकींनी पानगळीत कंद लावले, ट्रेमधल्या अंड्यांसारखे एकमेकांना खेटून. उंदरांसाठी वरून जाळी, गारांसाठी कापड.

लग्न तोंडावर आलेलं असताना एका सकाळी आयव्हीची किंकाळी ऐकू आली. मी हातातली कुदळ टाकून धावले. पांढऱ्या ओळीतली निम्मी फुलं गायब. देठ उभे, पानं शाबूत, मुंडकी तेवढी नाहीत. शेजारच्या लाल ओळीला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. फाटकाचा धागाही जागच्या जागी.

"अंगठ्याने मोडलीत," आयव्ही म्हणाली. "कंदवाल्याचं काम आहे. आणि फाटकातून आलेला नाही, म्हणजे कुंपणावरून आला."

कुंपणापलीकडे सिरिलचा तुकडा. ती तडक खोपटात गेली. तिला बघताच सिरिलचा चेहरा पडला.

"बघा, खाई त्याला खवखवे! माझ्या पोरीच्या लग्नावर राग का रे तुझा?"

सिरिलने दोन्ही हात पुढे केले. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी, सुजलेली. "कोटाची बटणं लावायला मला शेजारीण लागते, बाई. ट्युलिप कशाने मोडू? दातांनी?"

सगळे हसले. आयव्ही सोडून.

"मग कुणाला तरी पाठवलं असशील." मग तिची नजर माझ्यावर आली. "तू का हसलीस?"

संध्याकाळी तीच माझ्या दारात उभी. "उद्या पहाटे मी अवजारांच्या खोलीत लपून बसणार आहे. तूही ये. तुझ्यावरही संशय आहे, तेव्हा माझ्या शेजारीच बसलेली बरी."

बसलो. फटफटायला लागलं तशी कुणीतरी फाटकाशी आलं, धागा सोडवून दातांत धरला आणि ओळीशी गुडघे टेकले. अंगठा फुलाच्या खाली, टक. मुंडकं एप्रनच्या खिशात. पुन्हा टक.

आयव्हीने माझं मनगट आवळलं. मला चेहरा दिसायच्या आधी तिने तो अंगठा ओळखला होता. ईस्टरच्या सुट्टीत गावातली सगळी पोरं कंदवाल्यांच्या शेतावर मुंडकी मोडायला जात, आणि आपल्या पोरीला ते आयव्हीनेच शिकवलं होतं.

"मॅरियन."

मॅरियन उठली नाही. धागा तेवढा तोंडातून काढला.

"डेरेकने काही केलं का?"

"काही नाही. तो चांगला आहे. मलाच नकोय."

"मग बोलायचं होतंस!"

"कधी? तूच त्याला जेवायला बोलावलंस, त्याने विचारल्यावर हो पण तूच म्हणालीस. फुलं नसतील तर लग्न नाही म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, निदान..." "आई, अख्ख्या गावावर संशय घेतलास. माझ्यावर एकदा तरी घ्यायचास गं."

मला आयव्हीची कीव आली, मनापासून. सिरिलही थर्मास घेऊन आला होता, कोट उघडाच. तोही कुंपणाशी थांबला.

मग आयव्ही ओळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसली.

"अर्धवट काम करू नये," ती म्हणाली, आणि एक टपोरं पांढरं फूल मोडलं. "कंद तरी पोसू देत."

दोघी समोरासमोर बसून मोडत गेल्या. ओळ संपली. आयव्हीने हात पुसले, कुंपणापाशी जाऊन सिरिलच्या कोटाची बटणं लावली. सिरिलने कंदवाल्यांचा विषय काढला नाही.

"डेरेकला मी सांगते," ती परत येऊन म्हणाली.

"नको. मी सांगेन."

आयव्हीने पोरीकडे टक लावून पाहिलं, माझ्या चहाकडे बघायची तसं.

"खरंच सांगशील? की मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

मॅरियन रडता रडता हसायला लागली.