चारशे दहा पावलं

गावंडे सर रस्त्याने निघाले, की त्यांना नमस्कार करायची सोय नसे. ते पावलं मोजत असायचे. कोणी "काय सर, कुठं?" म्हटलं, की डावा हात वर करून त्याला गप्प करायचे, ओठ हलवत पुढे जायचे आणि ठरलेल्या जागी पोचल्यावर मागे वळून म्हणायचे, "हं, आता बोल." बाळापूरच्या बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना वाट द्यायच्या आणि ते पुढे गेले की पदरात तोंड घालून हसायच्या.

सातवीत ते आम्हाला इतिहास शिकवायचे. पुस्तकात फ्रेंचांच्या वाट्याला दोनच ओळी होत्या: आले, आणि इंग्रजांकडून हरले. सरांचा त्यावर भारी राग. "जिकले त्याहिचे किल्ले सारं जग मोजते. हरलेल्याचे कोण मोजन? मी मोजतो!" माहे, चंद्रनगर, पार आफ्रिकेजवळचं गोरे नावाचं बेट, कॅनडातलं लुईबुर्ग, फ्रेंचांनी समुद्र ओलांडून जिथं जिथं तट बांधले, तिथले नकाशे त्यांनी जुन्या पुस्तकांवरून ड्रॉइंगच्या कागदावर उतरवले होते. प्रमाण मात्र पावलांचं. "फूट-मीटर मले सांगू नका. किल्ला पायाले समजला पायजे."

म्हणून आमच्या बाळापूरच्या किल्ल्यात आम्हाला या बुरुजापासून त्या बुरुजापर्यंत चालवायचे. एकदा मी मध्येच आकडा विसरले आणि अंदाजाने ठोकून दिला. सरांनी लगेच ओळखलं. भर उन्हात पुन्हा पाठवलं आणि आल्यावर म्हणाले, "नाही मोजलं तं नाही मोजलं म्हण, सुनंदा. त्याच्यात लाज नाही."

पुढे मी सरकारी मोजणी खात्यातच लागले, अकोल्याला. सरांनी गावभर सांगितलं, "माही पोरगी शेतं मोजते!" लोकांच्या बांधाचे तंटे मी साखळी आणि यंत्र लावून मिटवते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून मला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सरांचा एकच नकाशा अर्धा राहिला होता, पुदुच्चेरीचा. तिथला पाच कोनांचा किल्ला इंग्रजांनी पार जमीनदोस्त केला. आज त्या जागी बाग आहे. आजच्या रस्त्यांवर तो जुना किल्ला नेमका बसवायचा, एवढंच सरांना करायचं होतं. निवृत्त झाल्यावर जायचं ठरलं होतं, तर दोन्ही गुडघे गेले. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे पुदुच्चेरीला निघालो, तेव्हा त्यांनी मला बोलावून नकाशाची झेरॉक्स दिली. लाल शाईने रेघ मारलेली. "समुद्राच्या रस्त्यापासून बागेच्या मधोमध. सरळ चाल. माहे पाय तं गेले. आता तुहेच पाय."

चार दिवस आम्ही पाण्यात डुंबलो. पिवळ्या भिंतींसमोर फोटो काढले. झेरॉक्स बॅगेच्या तळाशी पडून होती. ती आठवली तेव्हा आम्ही स्टेशनच्या रिक्षात बसलो होतो. उलटं फिरता आलं असतं का? आलं असतं हो! गाडीला दीड तास होता. पण ऊन, सामान, नवऱ्याची घाई... जाऊ द्या, मला कंटाळा आला होता.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन. "किती भरले व?"

"चारशे दहा," मी म्हणाले. कुठून आला तो आकडा, देव जाणे.

पलीकडे सरांनी कागद उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चारशे दहा? नक्की?"

"सर, माझं रोजचं कामच आहे ते!" मी वर चिडले सुद्धा.

"हो व माय. तुह्यावर इश्वास नाही तं कोणावर ठेवू?"

त्यानंतर मी बाळापूरला जायचंच टाळलं. शेतमोजणीसाठी गेले तरी त्यांची गल्ली सोडून जायची. गेल्या हिवाळ्यात सर गेले. तेराव्याला त्यांच्या मुलीने एक गुंडाळी माझ्या हातात ठेवली. "बाबांनी तुम्हालेच द्यायले सांगतलं होतं."

घरी येऊन उघडली. पुदुच्चेरीचा नकाशा पुरा झालेला. किल्ल्याची पहिली रेघ खोडरबराने पुसून कागद खरबरीत झाला होता, आणि सगळे पाचही कोन समुद्रापासून आत सरकवून पुन्हा काढले होते. खाली सरांचं बारीक अक्षर: "जुना नकाशा आणि मोजणी जुळत नाही. पण सुनंदा स्वतः चालून आली आहे. मोजणी धरावी."

महिन्याभराने मी पुदुच्चेरीला गेले, एकटीच. समुद्राच्या रस्त्यावरून लाल रेघेप्रमाणे सरळ चालत गेले. वाटेत कोणीतरी काहीतरी विचारलं, तर मी डावा हात वर केला. बागेच्या मधोमध पोचले तेव्हा चारशे दहाच्या जवळपासही आकडा नव्हता. जो भरला, तो सरांच्या पुसलेल्या रेघेशी जुळला. जुना नकाशा बरोबर होता. सर बरोबर होते. मी तिथेच उभी राहून मागे वळले, पण "आता बोल" म्हणायला कोणी नव्हतं.