डाव्या हाताचा माउस

लोकांचे असले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगते, अर्ध्याहून जास्त मला थापा वाटतात. पांढरी साडी, वळणावरचा पिंपळ, गाडीसमोर आलेली बाई... आमच्या साताऱ्याकडच्या गावात अशा गोष्टींना तोटा नव्हता आणि त्या सांगणाऱ्यांना मी लहानपणापासून तोंडावर हसत आले. लग्न होऊन कळंबोलीला आले तेव्हा बिल्डिंगमधल्या बायका रस्त्यातलं लिंबू-मिरची ओलांडायच्या नाहीत. मी मुद्दाम त्यावरून चप्पल घासत जायची. मग आता हे का लिहितेस, असं मला ओळखणारे विचारतील. विचारू देत. माझ्या गोष्टीत भूत नाही. एक कॉम्प्युटर आहे, दोन फ्लॉप्या आहेत आणि आमचे हे आहेत.

साल अठ्ठ्याण्णव. कळंबोलीत तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर. हे लोखंड बाजारात एका गोदामात सुपरवायझर होते. मोठे पत्रे मापात कापून ट्रकवर चढवायचे, त्यावर देखरेख. मी बेलापूरला एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर. घरी टायपिंगची वरची कामं करता यावीत म्हणून आम्ही एक कॉम्प्युटर जोडून घेतला होता. जोडून दिला हरेशने. हा माझ्याच ऑफिसात मशीनं दुरुस्त करायचा, दिवाळे गावचा कोळी, वयाने माझ्याहून मोठा, पण मला 'वैनी'च म्हणायचा. मशीनमध्ये पंच्याण्णवची विंडोज. त्याला मी पडद्याच्या उरलेल्या कापडाचं झाकण शिवलं होतं आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. तेवढं मी करायची, कारण ते कौतुक होतं, श्रद्धा नव्हे.

आता आमच्या ह्यांचा स्वभाव सांगते. हातात आलेली वस्तू जशीच्या तशी ठेवायची म्हणजे ह्यांना जणू अपमान वाटायचा. कामावरून आले की मशीनवर पत्ते खेळायला बसायचे आणि खेळता खेळता सगळी सेटिंग फिरवून ठेवायचे. सकाळी मी घाईत टाइप करायला बसावं, तर जांभळ्यावर गुलाबी अक्षरं! माउसच्या बाणाच्या जागी पळणारा डायनासोर. फाइल बंद केली की काच फुटल्याचा आवाज. मी तोंडाचा पट्टा सोडला की हे शांतपणे म्हणायचे, जरा रंगीत बघायला शीक की.

शेवटी हरेशने मला युक्ती दाखवली. माउस, कीबोर्ड, रंग, आवाज, जी काही सेटिंग असेल ती एका फाइलमध्ये काढून फ्लॉपीवर ठेवता येते. कुणी घोळ घातला की ती फाइल परत लावायची, मशीन बंद करून चालू करायचं, की होतं तसं सगळं जागेवर. मला हत्यारच मिळालं. माझ्या पसंतीची सेटिंग लावून मी बॅकअप घेतला आणि निळ्या फ्लॉपीवर ठळक अक्षरांत लिहिलं— 'सुमनची सेटिंग. हात लावू नये.' मग हे रोज बिघडवायचे आणि मी रोज परत लावायची. आमचा संसारच तो होता म्हणा ना.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी अशीच फ्लॉपी लावली. मशीन चालू झालं. रंग माझे, बाण माझा. फोल्डरवर क्लिक केलं तर तो उघडेना, भलताच मेनू यायला लागला. बघते तर माउसची बटणं उलटी झालेली, डावं ते उजवं. टाइप करायला गेले तर शिफ्ट दाबून सोडली तरी ती दाबलेलीच राहायची, वर 'टुक्' असा आवाज. कंट्रोल पॅनेल उघडलं. माउस डावखुऱ्या माणसासाठी लावलेला आणि कीबोर्डची 'स्टिकी कीज' नावाची सोय चालू. ती कशासाठी असते हे मला हेल्पमध्ये वाचावं लागलं... ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी. वाचलं आणि बंद केलं. आमच्या घरात दोघांचेही हात धड होते.

ह्यांना फैलावर घेतलं. मी काही केलं नाही म्हणाले, आणि तोंडावर ते नेहमीचं हसू नव्हतं, म्हणजे खरंच केलं नव्हतं. मग मी हाताने सगळं सरळ केलं, नवा बॅकअप घेतला, तो लावला. पुन्हा तेच. फ्लॉपी बदलली. पुन्हा तेच. फाइल उघडून वाचली, तर आत सगळं बरोबर लिहिलेलं, उजव्या हाताचा माउस. पण लावली की मशीन डावखुरं व्हायचं.

हरेश येऊन बघून गेला. व्हायरस शोधला, माउस बदलला. शिफ्ट लागोपाठ दाबली गेली की ती कीबोर्डची सोय आपोआप चालू होते, हे त्याने सांगितलं. मग माउसचं काय? त्यासाठी माझी फ्लॉपी त्याने ऑफिसच्या मशीनला लावून पाहिली. तिथे ती शहाण्यासारखी वागली. शेवटी म्हणाला, "वैनी, हातानं सेटिंग करा आनि चालवा. मशीन चालतंय ना? मंग ती फ्लॉपी लावताय कशाला?"

मी नाद सोडला. ह्यांना मात्र खेळणं मिळालं. मी घरात नसले की हे मुद्दाम ती फ्लॉपी लावायचे आणि डाव्या हाताने पत्ते खेळत बसायचे. आधी धड एक पत्ता हलवता यायचा नाही, पुढे पुढे अख्खा डाव लावायला लागले. मला बोलावून दाखवायचे. मी म्हणायची, आता जेवायलाही डावाच हात घ्या.

दिवाळीनंतर ह्यांचा उजवा हात गेला. कापायच्या मशीनमध्ये पत्रा अडकला होता, तो सरळ करायला गेले, आणि मनगटापासून... मला ऑफिसात फोन आला. पनवेलच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा ह्यांना आत नेलं होतं आणि बाहेर गोदामातला एक माणूस ह्यांचं घड्याळ हातात धरून बसला होता. ते दिवस मी लिहीत नाही. लिहूनही काही होत नाही.

घरी आल्यावर हे बोलायचेच बंद झाले. शर्टाची बटणं मी लावायची, पायजम्याची नाडी मी बांधायची, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळायचो. कॉम्प्युटरवरचं झाकण कितीतरी दिवस कुणी काढलं नाही. मग एकदा गोदामाचे शेठ भेटायला आले. माणूस भला. म्हणाले, आता बिलं कॉम्प्युटरवर करायची आहेत, तू शिकून घे, ऑफिसातली खुर्ची तुझीच. शेठ गेल्यावर ह्यांनी डाव्या हाताने कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं. एका हाताच्या माणसाला लोखंड बाजारात दुसरं कोण काम देणार होतं?

"सुमन, ती फ्लॉपी लाव," हे म्हणाले.

मी म्हटलं, मी हाताने करून देते सगळं, दोन मिनिटांचं काम. ऐकेनात. फ्लॉपीच लाव म्हणाले. लावली. मशीन चालू झालं आणि ह्यांनी डावा हात माउसवर ठेवला. बटण जिथे हवं तिथे होतं. मग शिफ्ट दाबून सोडली— टुक्— आणि एका बोटाने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत टाइप केलं. इंग्रजीतलं कॅपिटल, एका हाताने. मग हे रडले. हॉस्पिटलात रडले नव्हते, तेव्हा रडले. मीही रडले, पण मला जास्त राग आला होता. ज्या कुणाला हे आधीच ठाऊक होतं, त्याने माउस कसला उलटा करत बसायचं? सरळ सांगायचं होतं ना आम्हाला! मी ह्यांना त्या दिवशी घरी बसवलं नसतं? दाराला कुलूप घालून बसवलं असतं.

हे शिकले. झपाट्याने शिकले. पत्त्यांचा सराव कामाला आला. खुर्ची मिळाली, पगार सुरू झाला, आणि एक दिवस सकाळी मी मशीन लावलं तर जांभळ्यावर गुलाबी अक्षरं आणि पळता डायनासोर. मी खूप भांडले. भांडता भांडता मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. त्याच दिवशी मी दुसरी फ्लॉपी केली. त्यात ह्यांचा डावा माउस, ह्यांचे भडक रंग, ह्यांचा डायनासोर, सगळं. लेबलवर लिहिलं, 'ह्यांची सेटिंग'.

उन्हाळ्यात मशीनची हार्डडिस्क गेली. हरेशने नवी बसवली, विंडोज घातली, आणि मी 'ह्यांची सेटिंग' लावली. सुरू झालं ते सगळं माझं. माझे रंग, माझा बाण, उजव्या हाताचा माउस. डायनासोर नाही, टुक् नाही. हरेश खूश झाला, म्हणाला, "आता बराबर झाला बगा." मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, गेली एकदाची पीडा. हे मागे उभे होते.

"हे तुझ्या एकटीचं मशीन झालं गं," हे म्हणाले.

अगदी साधं म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. मी ओरडले, असलं अभद्र बोलायचं नाही म्हटलं. सगळं हाताने डावं करून दिलं, बॅकअप घेतला, पुन्हा लावला. पुन्हा माझंच. पुन्हा केलं. पुन्हा माझंच. शेवटी ह्यांनीच मशीन बंद केलं आणि एका हाताने झाकण नीट घालून ठेवलं.

त्यानंतरचं माझं वागणं बघून आमच्या गावचे लोक पोट धरून हसले असते. मी, लिंबू तुडवत जाणारी, देवीला नारळ फोडून आले. ह्यांना डॉक्टरकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, नॉर्मल. रक्त तपासलं, नॉर्मल. रजा घ्या म्हटलं तर हे म्हणाले की नव्या खुर्चीवरचा माणूस रजा मागत नाही. रोज रस्ता ओलांडून दिसेनासे होईपर्यंत मी गॅलरीत उभी राहायची. ट्रेलर, ट्रक, गोदामातलं मशीन, मी सगळ्याची भीती घेतली होती. जे झालं त्याची मात्र घेतली नव्हती.

पावसाळा लागायच्या आधी हे ऑफिसात, त्याच खुर्चीवर गेले. बिल करता करता टेबलावर डोकं ठेवलं, लोकांना वाटलं डुलकी लागली. चहा ठेवून गेलेला पोऱ्या कप न्यायला आला, तो कप तसाच भरलेला, तेव्हा कळलं. डॉक्टर अटॅक म्हणाले. डावा हात माउसवर होता, असं शेठ मला सांगत होते, आणि मला त्यांना गप्प बसा म्हणावंसं वाटत होतं.

ह्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मी मशीन कळणाऱ्या पुष्कळांना विचारलं. कुणी म्हणतं विंडोज खराब असेल, कुणी म्हणतं फाइल बिघडली असेल. असेलही. पण बिघडलेली फाइल ऑफिसात नीट कशी चालायची, हे कुणी सांगत नाही. योगायोग म्हणा, माझं डोकं फिरलं होतं म्हणा, मी भांडणार नाही. पूर्वी भांडले असते.

तेरावं झाल्यावर मी ती 'ह्यांची सेटिंग' ऑफिसात घेऊन गेले. हरेशने एक मशीन मोकळं करून दिलं. लावली, आणि स्क्रीनभर जांभळ्यावर गुलाबी, मध्ये ह्यांचा डायनासोर पळतोय. बटणं उलटी. मी डावा हात माउसवर ठेवून बसून राहिले. हरेश दाराशी उभा राहून कुणाला आत येऊ देत नव्हता.

मग तीच फ्लॉपी घरी आणून लावली. देवाला हात जोडून लावली, एवढ्या वेळी मशीन चुकू दे, ह्यांचंच येऊ दे म्हणून. मशीन चालू झालं. माझे रंग, माझा बाण, सगळं माझ्या पसंतीचं. माझ्या निळ्या फ्लॉपीवर 'हात लावू नये' लिहिलं होतं ना मी... कुणीच लावलेला नव्हता.