दुसऱ्या मजल्यावरचा जोगवा

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, हैदराबादजवळच्या एका रिसॉर्टच्या खोलीत, मी भरलेली बॅग समोर ठेवून बसले होते. घरी परत जावं की थांबावं, हे मला ठरवता येत नव्हतं. मी सीमाभागातल्या कमलनगरच्या मराठी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवते आहे. ठरवता न येणं हा माझा स्वभाव नाही. म्हणून त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते, आणि म्हणूनच तो आधी सांगून टाकते.

या रिसॉर्टला लागून मोठं थीम पार्क आहे. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, उलट्यासुलट्या फिरणाऱ्या गाड्या. शाळेच्या अकरा सहली मी तिथं नेल्या. अकराही वेळा कारंज्याजवळच्या बाकावर बसून पोरांच्या पिशव्या आणि चपला राखल्या, दर तासाला डोकी मोजली आणि सगळ्यांना घेऊन परत आले. एकाही पाळण्यात बसले नाही. यंदा एप्रिलची सुट्टी लागली तेव्हा मी घरी सांगितलं की मला तिथं एकटीला जायचं आहे, तीन दिवस. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एकटी कुठं राहिले नव्हते. आमचे मालक मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. हातातली तार खाली न ठेवता ते म्हणाले, "जा की. पर तिथं हजेरी कुणाची घेशील?"

मला खरी काळजी त्यांचीच होती. आदल्या वर्षी त्यांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहून मी तुळजापूरच्या आईला बोलले होते की हे धड घरी येऊ दे, वर्षभर दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागेन आणि त्या दिवशी परडीत पडेल तेवढंच खाईन. ते धड घरी आले. तेव्हापासून गोळ्यांचं वेळापत्रक मी भिंतीला लावलं, रोज नऊच्या गोळीची आठवण द्यायला दुकानात फोन करू लागले आणि मंगळवारचा एकही खाडा पडू दिला नाही. वर्ष भरायला सात मंगळवार उरले होते. मनात एक गोष्ट पक्की बसली होती, ती कुणाला बोलून दाखवली नव्हती: माझा खाडा पडला तर त्यांना काहीतरी होईल.

पार्कात शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून मी सोमवार ते बुधवार घेतले. मधला मंगळवार मला माहीत होताच. त्याची सोय मी अशी केली की रविवारी संध्याकाळीच आमच्या गल्लीतल्या पाच घरी जाऊन जोगवा आणला, पाच पिशव्यांत भरला आणि पिशव्यांवर नावं घातली. शेजारच्या सुमनक्का पीठ घालता घालता म्हणाल्या, "मंगळवारचा जोगवा रविवारीच न्यायलीस? आईला सांगितलीस का सुट्टीवर जायलाव म्हणून?"

"सांगितलंय. तुम्ही पीठ घाला."

"घालते बाई. बाईंच्या पुढं देवीचं चालंना, माझं काय चालतंय!"

मी हसले. सोय पक्की होती. सोबत विजेची छोटी शेगडीसुद्धा घेतली होती.

सोमवारी दुपारी रिसॉर्टच्या गेटवर रखवालदाराने विचारलं, "मॅडम, खाने का कुछ सामान है क्या?" बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी आहे, तशी पाटीच तिथं आहे. सहलीच्या वेळी आम्ही डबे बाहेर बसमध्येच खायचो, त्यामुळे खोलीत राहणाऱ्यांनाही हा नियम असेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी बॅगेच्या झाकणाला चिकटवलेली सामानाची यादी त्याच्या हातात दिली. त्यात ज्वारीचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, रवा, गूळ असं सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, खाली शेगडीही होती. त्याने अदबीने पाचही पिशव्या आणि शेगडी काढून घेतली, पावती दिली आणि जाताना परत मिळेल म्हणाला. परडी मात्र पूजेचं सामान म्हणून जाऊ दिली. माझ्या मागे एक म्हातारी बाई उभी होती. ती मोठ्या कौतुकाने माझ्याकडे बघत होती. त्या कौतुकाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

मी भांडले नाही. नियम तो नियम, हे मी वर्गात रोज सांगते. पण रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी हिशेब घातला: लगेच निघाले तर दुपार टळताना कमलनगर, दिवस मावळायच्या आत पाच घरं होतात. बॅग भरली आणि मालकांना फोन लावला.

"कामून येतीस परत? पोट बिघडलं का?"

मी सगळं सांगितलं. मागे दुकानात कुणीतरी मोटार सुरू करून बघत होतं.

"पाच दारं लागतात न्हवं? मग त्या हॉटेलात दारं काय कमी हाईत?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते थट्टेत बोलले. पण मी भरलेली बॅग बाजूला सारली. मी अंघोळ केली, कपाळाला मळवट भरला, परडीत कवड्या आणि हळदकुंकू ठेवलं आणि वरून पदर घेऊन दुसऱ्या मजल्याच्या लांब बोळात आले. दोन्ही बाजूंना सारखीच बंद दारं होती. ओळखीचं एकही नाही. गल्लीत माझं पाऊल वाजलं की सुमनक्का पीठ घेऊन उंबऱ्यात येतात, मला तोंड उघडावं लागत नाही. इथं तोंड उघडावं लागणार होतं.

पहिलं दार वाजवलं. नवं लग्न झालेल्या एका तरुणाने ते उघडलं, माझ्याकडे आणि झाकलेल्या परडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "कल से टॉवेल नहीं मिला. दो चाहिए." मला 'जोगवा' म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "जी, भेजती हूँ."

दार बंद झालं. दुसऱ्या दारावर मी नुसती उभी राहिले. तिसऱ्यावर हात उचलला आणि खाली घेतला. चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई मी, आणि एक शब्द बाहेर पडत नव्हता. तिथं उभी असताना मला नीट दिसलं की वर्षभर मी जोगवा एकदाही मागितला नव्हता. गोळा केला होता. पाच ठरलेली घरं, पंधरा मिनिटं, झालं. मागण्यात समोरचा नाही म्हणू शकतो. ती जागा मी शिल्लकच ठेवली नव्हती, आईलासुद्धा.

टॉवेल मात्र माझ्या डोक्यात राहिले होते. शब्द दिला होता ना. बोळाच्या टोकाला चादरी-टॉवेलची ढकलगाडी घेऊन सफाईची बाई उभी होती, चाळिशीची, काटक. मी तिला खोलीचा नंबर सांगितला. तिने टॉवेल काढले, माझ्या मळवटाकडे पाहिलं, पदर बाजूला करून परडीतल्या कवड्या पाहिल्या आणि आमच्याकडच्या दखनीत म्हणाली, "टॉवेल मैं देतूं अक्का. तुमना क्या होना, वो बोलो."

होना म्हणजे हवं. तुम्हाला काय हवं ते बोला. ऑपरेशनपासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. त्या बोळात माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, "जोगवा." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, पुढचा शब्द म्हणाले, "वाढा."

तिने गाडीच्या खालच्या कप्प्यातून आपला डबा काढला, ज्वारीची भाकरी मोडली आणि अर्धी परडीत ठेवली. वर शेंगदाण्याची चटणी. "घर नै है इधर मेरा. ये गाडीच मेरा घर. चलता ना?"

"चालतं."

"तो एक घर हुआ. आई राजा उदो उदो!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की दोन दारं आपोआप उघडली. ती जहिराबादकडची, तिच्या माहेरी यल्लम्माचा जोगवा चालतो. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं अंबम्मा. आमच्या भागात हे नाव घरोघर असतं, त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. मी फक्त वाचलं, आणि मनातल्या मनात नमस्कार केला.

"मैं बाजू में खडी रहतूं," ती म्हणाली. "मांगना तुम्हीच."

उघडलेल्या दारातून गेटवरची म्हातारी बाहेर आली. मी जोगवा मागताच तिने आधी अंबम्माकडे चोरून पाहिलं, आत जाऊन औषधांची पिशवी आणली आणि गोळ्यांच्या पाकिटांखालून खाकऱ्याचा डबा काढला. "तू गेटपे लिस्ट दी!" ती हसू आवरत म्हणाली. "लिस्ट कौन देता है, बेटी?" अंबम्मा छताकडे बघत उभी राहिली, जणू तिला काही दिसतच नव्हतं. दुसऱ्या दारात कलबुर्गीची एक मुस्लिम बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोरांच्या कपड्यांच्या घडीतून खजुराचं पुडकं काढलं. मूठभर खजूर घालताना म्हणाली, "मेरी बेटी का रिजल्ट है. तुम्हारी माँ को उसका भी बोलो." मी तिच्या मुलीचं नाव विचारून घेतलं. टॉवेलवाल्या खोलीत या वेळी नवी नवरी पुढे आली. नवरा मला काय समजला होता ते कळल्यावर तिने त्याला तेलुगूत चांगलंच सुनावलं, आणि माहेरहून आलेल्या डब्यातले अनारशासारखे दोन गोड तुकडे घातले. तो मागे उभा राहून टॉवेलाने तोंड झाकत होता.

चार झाली. पुढची तीन दारं उघडलीच नाहीत. चौथं उघडलं, ते कानाला फोन लावलेल्या एका गृहस्थाने. त्याला काही समजलं नाही, समजून घ्यायला वेळही नव्हता. तो आत गेला, चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या दोन पुड्या परडीत टाकल्या आणि बोलत बोलतच दार लावलं.

"पाच," अंबम्मा म्हणाली आणि गाडी ढकलत निघून गेली. तिला अजून पंधरा खोल्या करायच्या होत्या.

खोलीत येऊन मी परडी टेबलावर ठेवली, आईला दाखवली, आणि जमिनीवर मांडी घालून जेवायला बसले. भाकरी, चटणी, खाकरा, खजूर, ते गोड तुकडे, शेवटी साखर. यातली एकही गोष्ट मी ठरवलेली नव्हती. मालकांसाठी मागितलं, मग त्या कलबुर्गीच्या मुलीसाठी. मग अंबम्माचा प्रश्न आठवला आणि स्वतःसाठी काय मागावं याचा विचार केला. शेवटी म्हणाले, आई, माझ्या डोक्यावरचं हे ओझं तू घे, मला ते पेलत नाही. एवढंच.

घड्याळात पाहिलं तर अकरा वाजून गेले होते. नऊची गोळी! वर्षात पहिल्यांदा माझा फोन चुकला होता. लगेच नंबर लावला.

"गोळी घेतली की," मालक म्हणाले.

"कुणी आठवण केली?"

"आठवण कुणी कशाला करावी? रोज तुझा फोन यायच्या आधी घेतो मी. तू इचारतीस म्हणून व्हय म्हणतो. जोगवा झाला का?"

"झाला."

"मग बस की पाळण्यात. खोलीत कामून बसलीस?"

मला आधी राग आला, मग हसू आलं, मग अगदी हलकं वाटलं. त्यांना जपणारी मी नव्हतेच. ज्या आईने त्यांना ऑपरेशनच्या टेबलावरून उठवलं तीच त्यांना सकाळची गोळीही देत होती, आणि मी मधल्या मध्ये वेळापत्रक धरून उभी होते. माझी भक्ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात भीती मिसळलेली होती, आणि भीतीला मी नेमाचं नाव दिलं होतं.

दुपारी बॅगेतलं सामान परत बाहेर काढलं आणि पार्कात गेले. सर्वांत उंच पाळण्यात बसले, मग त्या उलट्या फिरणाऱ्या गाडीत. वर गेल्यावर एवढ्या जोरात "आई गं" म्हणून ओरडले की शेजारची कॉलेजची पोरगी घाबरून माझा हात धरून बसली. बुधवारी निघताना गेटवरून पिशव्या परत घेतल्या आणि अंबम्माला दिल्या. तिने त्या कपाळाला लावल्या आणि म्हणाली, "अगले साल सायब को बी लाना." मी सांगितलं, पुढच्या वर्षीही एकटीच येणार.

वर्ष पूर्ण झालं. तुळजापूरला जाऊन नवस फेडला. मालक दुकानात आहेत, तारा गुंडाळतात, मला चिडवतात. भिंतीवरचं वेळापत्रक मी काढून टाकलं. जोगवा मात्र सोडला नाही, कारण आता तो कशाच्या बदल्यात नाही. पाचांतली चार घरं गल्लीतली आणि पाचवं अनोळखी, असा नेम स्वतःला घातला आहे. त्या एका दारापुढे उभी राहताना अजून दोनदा पदर सावरते. तेवढा वेळ मी बाई नसते, कुणाची बायको नसते, नुसती मागणारी असते. त्या उभं राहण्याबद्दल मी आईची ऋणी आहे. मिळण्यापेक्षाही त्याबद्दल.

परवाच्या मंगळवारी बसस्टँडमागच्या नव्या वस्तीत एक दार वाजवलं. एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन आली. मी जोगवा मागितला. तिने माझ्या चष्म्याकडे, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चांगली शिकलेली दिसतीस, अन् मागायलीस? पुढं जावा बाई."

"बरं, माय," मी म्हणाले, लेकराच्या गालाला हात लावला, आणि उदो उदो म्हणत पुढच्या दाराशी गेले.