बनियनवरचा केळीचा डाग

केळीच्या चिकाचा डाग कपड्याला लागला की कापड विरेल, पण डाग जाणार नाही. ज्या घरी केळफूल चिरतात, तिथं हे कोणाला सांगावं लागत नाही. लागतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतही नाही. वाळला की काळपट तपकिरी. तसा डाग बाबांच्या बनियनवर, बरोबर छातीपाशी दिसला, तेव्हा मी बनियन दोरीवरून काढून उजेडात धरलं.

केळं तर आमच्या घरात दिवाळीपासून बंद होतं. बाबांच्या किडन्या कमजोर झाल्या आहेत. रक्तात पोटॅशियम साचतं, आणि ते फार वाढलं तर थेट हृदयावर येतं, असं राइट टाउन भागातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. मलाच, कारण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबांनी डिफेन्सच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवली आणि मला बी.एस्सी. केलं. घरातले रिपोर्ट मी वाचते. याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही.

आणि नव्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम पुन्हा वर होतं.

"केला तो नहीं खा रहे बाबूजी?" डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं. आईनं नर्मदा मैयाची शपथ घेतली. नर्मदेची खोटी शपथ घेणारी बाई ती नाही. म्हणजे केळं खरंच दिलेलं नव्हतं. मग माझा संशय कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला.

डोळे उघडे ठेवले तशा एकेक गोष्टी दिसू लागल्या. मी आंघोळीला गेले की मिक्सर सुरू व्हायचा, आणि ताटात चटणी कधीच यायची नाही. शेजारच्या काकू आल्या की आई त्यांना घेऊन मागच्या दारी जायची, आणि मी पोचले की बोलणं एकदम भाजीच्या भावावर यायचं. शिवाय सत्यनारायणाचे खांब. बाबा दवाखान्यातून घरी आले म्हणून पूजा केली होती, चौरंगाला बांधायला केळीचे खांब काकूंच्याच अंगणातले. उत्तरपूजेनंतर आई म्हणाली, "गाईला टाकले." गाय मी पाहिली होती. तिच्यापुढे नुसती पानं होती.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडला, दार लोटलं आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात आले. आई फडक्यातून कसलासा पांढुरका लगदा पिळत होती. बाबा पेला धरून उभे, अगदी शाळेतल्या पोरासारखे.

"हे काय चालून राहिलं?"

"काही नाही. पाणी," बाबा म्हणाले.

"पाण्याला फेस येते काय बाबा?"

आईनं फडकं घट्ट धरलं. "केळं नाही दिलं हो. खांबाचा गाभा आहे. पूजेतला. शेजारच्या भाऊजींचा मुतखडा यानंच तर पडला!"

"त्यांना खडा होता. बाबांना खडा नाही. बाबांची चाळणीच थकली आहे, आई."

"दोन्ही किडनीचंच नं?"

"अन् केळात जे येते ते येते कुठून? खोडातूनच चढते नं वर? केळं बंद केलं अन् खोड पाजून राहिली!"

बाबाच म्हणाले, "काहून ओरडते व? तुझ्या पुस्तकात काकूचा रस आहे काय?"

मी केळीच्या विरोधात नाही. केळफुलाची भाजी मी वाटीभर खाते. गाभ्याच्या कोशिंबिरीत भरपूर चोथा असतो, धडधाकट माणसाचं पोट त्यानं साफ राहतं. पण शेजारच्या काकांचा खडा रसानं पडला, यावरही माझा विश्वास नाही. ते तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या घेत होते आणि दिवसभर पाणी पीत होते, हे काकू कधी सांगत नाहीत. यश सगळं रसाला.

पेला ओट्यावर तसाच राहिला. "पूजेतलं आहे, मोरीत नाही ओतत मी," आई म्हणाली. "एवढी शिकलेली आहे तर तू पी."

प्याले. तुरट, जरा कच्च्या भाजीसारखा, मागून जीभ आखडते. आई माझ्या तोंडाकडे पाहत होती, जणू तपासणीला मलाच पाठवलं आहे.

रस बंद झाला आणि पुढच्या रिपोर्टात पोटॅशियमचा आकडा खाली आला. मला वाटलं, आता तरी पटेल. दवाखान्यातून परतताना ऑटो ओमतीच्या चौकात आली तेव्हा बाबा म्हणाले, "पाहिलं? रस उशिरा लागू पडला."

आई हसली. मीही हसले, पण पुरतं नाही. तेव्हापासून मी त्यांचा पेला हुंगते, बनियनं उजेडात धरते. डाग नव्हता. मिक्सरही माझ्यासमोरच चालायचा.

काल सकाळी बाबा बादली घेऊन नळापाशी बसलेले दिसले. "आजपासून माझी बनियनं मीच धुतो," म्हणाले. "तुझ्या आईचे हात दुखतात."

या माणसानं आजवर स्वतःचा रुमाल धुतलेला नाही.

मी चपला घातल्या आणि काकूंच्या मागच्या अंगणात गेले, कोणतं खोड ताजं कापलेलं आहे ते पाहायला.