टपाएवढी म्हैस

कोल्हापूर ते मिरज या मार्गावर म्हैस रेल्वेच्या टपाएवढी उंच असते, असं मानणारा साऱ्या जगात एकच माणूस आहे आणि तो शिवाजी पेठेत माडीवर राहतो. आम्ही त्यांना पॅटर्नवाले काका म्हणायचो. मी नववीत शाळा सोडून ज्या फौंड्रीत साचे भरायला लागलो, तिथं त्यांनी उभा जन्म लाकडाचे नमुने, म्हणजे पॅटर्न, घडवण्यात घातला. नमुन्यावरून वाळूत साचा उठवायचा, साच्यात लोखंड ओतायचं. ओतलेलं लोखंड निवताना आटतं, म्हणून नमुना फुटाला सूतभर वाढीव करायचा, हा त्या कामाचा नियम. काका निवृत्त झाले, पण नियम काही त्यांच्या हातातून निवृत्त झाला नाही. झोपायच्या खोलीतला पलंग बाहेर काढून त्यांनी तिथं प्लायवूडवर आपली रेल्वे मांडली. इंजिन तेवढं विकतचं. डबे, स्टेशनं, रुकडीचा पूल, खराट्याच्या काड्यांचा ऊस, लाकडाची म्हैस, सगळं हातचं. आणि सगळं वाढीव. फौंड्रीत सूतभर वाढवायचे, इथं हात मोकळाच सोडला होता.

"काका, म्हैस लै मोठी झाली," मी एकदा धीर करून म्हणालो.

"आटंल की."

"लाकूड कसं आटंल?"

"तुला कसली घाई हाय?"

आमच्या गडमुडशिंगीच्या नावाचं स्टेशन मार्गावर नाही, ते काकांनी माझ्यासाठी मधेच घुसडलं. गाडी तिथं इतका वेळ थांबायची की पुढं हातकणंगल्याला रोज उशीर. या उशिराचं त्यांना मनापासून वाईट वाटे, पण थांबा कमी करायला तयार नसत. काकींचं दुःख वेगळंच होतं. "ह्यांची गाडी दिवसातनं धा येळा मिरजंला जाती," त्या मला सांगायच्या, "पर कोथमीर आणायला ह्यांचं पाय उचलत न्हाईत." त्यावर काका गाडीवरची नजर न हलवता म्हणायचे, "लाइन क्लिअर न्हाय."

मला कोइमतूरच्या पंपाच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा आनंदापेक्षा भीतीच मोठी होती. मिरजेच्या पुढं मी कधी गेलो नव्हतो. तिथं गाडी बदलायची, तीच चुकली तर? मी जात नाही असं सांगायला माडीवर गेलो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी बॅग घिऊन ये. रिकामी न्हाय, भरल्याली."

रविवारी खांद्यावर बॅग टाकून मी प्लायवूडभोवती चालू लागलो. काका स्टीलचा पेला तोंडाला लावून स्टेशनं पुकारत होते. "मिरज आलं! उतर!" मी थांबलो आणि नुसता उभा राहिलो.

"बघतोस काय? इचार की कुणाला तरी!"

"कुणाला?"

"कुणालाबी. तोंड हाय न्हवं?"

खोलीत तिसरं माणूस म्हणजे काकी, लसूण सोलत बसलेल्या. मी विचारलं, "मावशी, दक्षिणेकडची गाडी कुठली?"

"मला काय ठावं? मीबी पयल्यांदाच आलीया मिरजंला."

त्या दिवशी माझी गाडी तीनदा चुकली. चौथ्यांदा मिळाली. मग खऱ्या मिरजेत चुकायचं काही कारणच उरलं नव्हतं. मला वर्गात कुणी इतकं धड शिकवलं असतं, तर मी कदाचित शाळा सोडली नसती.

इथं कोइमतूरला येऊन दुसरं वर्ष चाललंय. काम चांगलं आहे, माणसंही वाईट नाहीत. पण भाषा येत नाही म्हणून मी बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून येत नाही. घरी फोन लावला तरी "बरं हाय"च्या पुढं गाडी सरकत नाही. आपण असेच कमी कमी होत गेलो, तर परत गेल्यावर आपल्या जागी आपण बसू का, ही धास्ती रोजची.

मागच्या आठवड्यात काकांनी व्हिडिओ कॉल करून रेल्वे दाखवली. गडमुडशिंगीच्या फलाटावर बॅग घेतलेला एक माणूस उभा होता, खांबावरच्या दिव्याला डोकं टेकेल एवढा.

"काका, हा कोण?"

"वळखलं न्हाईस व्हय? तू हाइस की."

"एवढा मोठा?"

काकांनी फोन जवळ घेतला. "एवढी वर्सं वतकाम केलंस आन् इचारतोस? परमुलखात माणूस आटतंय, लेका. वाढीव धरलाय. येशील तवा बरोबर मापात बसशील."

मागून काकी ओरडल्या, "आदी जेवलास का ते इचारा त्येला!"

फोन ठेवला. खोलीतले दोघं सोबती माझ्या तोंडाकडं बघत होते. मला त्यांची भाषा येत नव्हती, तरी मी त्यांना म्हैस सांगायला घेतली. एका हातानं गाडी केली, दुसऱ्या हातानं म्हैस केवढी ते दाखवलं.

जरा वाढीवच दाखवलं.